सही करा, पण आधी प्राध्यापकांना तुमच्या सहावीच्या वर्गात बसवा

पत्र

आदरणीय ताई,

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर एका मोठ्या संस्थेचं कॅम्पस आहे. तिथे सीनियर कॉलेज आहे आणि बी.एड. कॉलेजही आहे. गेल्या महिन्यात दोन्ही प्राचार्य भेटायला आले होते. 'शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी' आमच्या शाळेशी सामंजस्य करार करायचा आहे, म्हणाले. मसुदा ठेवून गेलेत. वर्षात चार कार्यशाळा, तज्ज्ञांची व्याख्यानं, सहभागाची प्रमाणपत्रं. वाचायला छान वाटतं. पण काही वर्षांपूर्वी असाच करार दुसऱ्या एका कॉलेजशी झाला होता. बॅनर लागला, शाल-श्रीफळ झालं, एक व्याख्यान झालं, फोटो निघाले. पुन्हा कोणी फिरकलं नाही. बी.एड.चे विद्यार्थी, म्हणजे छात्राध्यापक, दरवर्षी येतात, थर्माकोलचे तक्ते लावून पाठ घेतात आणि जाताना तक्तेही काढून नेतात. त्यामुळे करार म्हटलं की शिक्षक विचारतात, "आता आणखी एक प्रशिक्षण का?" गणिताचे आमचे ज्येष्ठ सर तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेजवाल्यांनी एक आठवडा सहावी ब सांभाळून दाखवावी, मग आम्हाला शिकवावं." मला मात्र मनातून वाटतं, की एवढं जवळ कॉलेज असून आपण त्याचा काहीच उपयोग करून घेत नाही, हे बरं नाही. सही करू का? केली तर काय मागू? आणि सरांना यात कसं आणू?

– एक मुख्याध्यापिका

उत्तर

नमस्कार बाई,

सही करा. पण तुमच्यापुढे आहे त्या मसुद्यावर नको. त्यात महाविद्यालय बोलणार आहे आणि शाळा ऐकणार आहे, म्हणजे मागच्या वेळी झालं तेच चार वेळा होईल. तुमच्या गणिताच्या सरांचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य वाटलं. सहावी ब मध्ये येऊन बसा, असं ते म्हणतायत. ती कराराची पहिली अट करा.

तुमच्या पत्रात एक संकोच जाणवतो. मोठं कॉलेज दारात आलंय, आपली शाळा लहान, आपण अटी कशा घालायच्या? बाई, गरज दोन्हीकडे आहे, आणि त्यांची जरा जास्तच आहे. बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार प्रत्येक छात्राध्यापकाला एकूण २० आठवडे शाळेत काढावे लागतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. शाळा मिळाली नाही तर त्यांचा अभ्यासक्रमच पुरा होत नाही. सीनियर कॉलेजला नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मूल्यांकनात विस्तारकार्य, म्हणजे कॉलेजबाहेर समाजासाठी केलेलं काम, आणि चालू स्थितीतले करार दाखवावे लागतात. शिवाय २०२० च्या नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेलं काम करून श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे आहेत. ही कामं करायची कुठे, हा प्रश्न गावोगावच्या कॉलेजांपुढे आहे. त्यांच्या या गरजेत वाईट काही नाही. उलट ती उघडपणे टेबलावर आली तर बोलणं सोपं होईल. "तुम्हाला शाळा हवी आहे, आम्हाला वर्षभर टिकणारी सोबत हवी आहे," असं पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगा.

आता तुमचे शिक्षक प्रशिक्षणाला का कंटाळलेत ते पाहू. शिकायचा त्यांना कंटाळा नाही. सभागृहात बसवून सांगितलेलं वर्गात उतरत नाही, हे ते अनुभवाने जाणतात. आपल्याकडे हा आजार जुना आहे. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की शिक्षक घडवणाऱ्या संस्था विद्यापीठापासून तुटल्यात, शाळांपासून तुटल्यात आणि एकमेकींपासूनही. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. प्रत्येक अध्यापक महाविद्यालयात विस्तार सेवा विभाग असावा आणि त्याने आसपासच्या शाळांशी सतत काम करावं, अशी शिफारस तेव्हाच केलेली आहे. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्या-जिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आल्या, नव्वदच्या दशकात आपल्या राज्यात आसपासच्या शाळांच्या गटाकडे बघणारे केंद्रप्रमुख आले. चौकट उभी राहिली. पण प्राध्यापक आणि शाळेतला शिक्षक एकाच वर्गातल्या मुलांकडे एकत्र बघतायत, हे दृश्य दुर्मीळच राहिलं.

दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. होशंगाबादचं उदाहरण तुम्हाला जरा सविस्तर सांगते, कारण करारात काय मागायचं याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचं नाव नर्मदापुरम) १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आले, दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे, रसायनाचे, जीवशास्त्राचे प्राध्यापक आले, पुढे मध्य प्रदेशातल्या कॉलेजांमधले अध्यापकही आले. १९७८ मध्ये हे काम सगळ्या जिल्ह्यात गेलं. १९८२ मध्ये ते पुढे नेण्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली.

या प्राध्यापकांनी केलं काय? उन्हाळ्यात शिक्षकांची शिबिरं घेतली, हे खरं. पण शिबिरात शिक्षकांनी तेच प्रयोग स्वतः केले जे पुढे मुलं करणार होती. ज्यांचा प्रयोग फसला त्यांनी तो का फसला हे शोधलं. शिबिर संपल्यावर काम संपलं नाही, खरं काम तिथून सुरू झालं. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत, महिन्याभरात काय शिकवलं, कुठे अडलं, हे मांडत. गटातले लोक शाळांवर जात आणि वर्ग चालू असताना मागे बसत. शिक्षकांच्या अनुभवावरून पुस्तकातले धडे बदलले जात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं 'सवालीराम' या नावाने पत्राने पाठवली जात. परीक्षासुद्धा बदलली. पुस्तक जवळ ठेवून लिहायची, आणि प्रयोग करून दाखवायचा. परीक्षा तीच जुनी ठेवून शिकवण्याची पद्धत बदलायला सांगितलं असतं, तर कोणत्याही शहाण्या शिक्षकाने मान डोलावून आपलं तेच चालू ठेवलं असतं.

मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की काही वर्षांत त्या शाळांमधलेच शिक्षक दुसऱ्या शिक्षकांचे मार्गदर्शक झाले. प्राध्यापक त्यांच्या शेजारी बसू लागले. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण तीस वर्षं तो चालला, आणि मासिक बैठक आणि शाळाभेट यांच्या बळावर चालला.

आपल्याकडेही मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, १९७४ मध्ये ते सुरू झाल्यावर लवकरच, जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये तळ ठोकून विज्ञानाच्या शिक्षकांसोबत काम केलं होतं. तेव्हा मुंबईहून खिरोद्याला जावं लागे. तुमचं कॉलेज दहा मिनिटांवर आहे.

तर पहिली मागणी अशी करा, की वर्षभरात चार कार्यशाळा नकोत, एकच विषय आणि एकच प्रश्न घेऊ. प्रश्न तुमच्या शिक्षकांनी ठरवायचा, आणि तो मुलांच्या वह्यांमधून यायला हवा. 'रचनावादी अध्यापन', 'एकविसाव्या शतकातली कौशल्यं' असले विषय मोठ्या व्याख्यानाला बरे. तुमच्या कामाचे प्रश्न छोटे असतात. आठवीची मुलं शाब्दिक उदाहरण दिसलं की पुढे का सरकत नाहीत? पाचवीत आलेल्या मुलांपैकी जी अजून अडखळत वाचतात त्यांचं इतिहासाच्या तासाला काय करायचं? नववीला विद्युतप्रवाह शिकवताना किती मुलांनी सेल आणि बल्ब प्रत्यक्ष जोडून पाहिलाय?

छोट्या प्रश्नात किती खोल जाता येतं याचं मी पाहिलेलं एक उदाहरण देते. एका शाळेत गणिताचे शिक्षक आणि जवळच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक बसले होते. टेबलावर सहावीच्या वह्या. प्रश्न दशांश अपूर्णांकांचा होता, ३.५ आणि ३.२५ यांत मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त मुलांनी ३.२५ लिहिलं होतं. कारण सरळ आहे, २५ हा ५ पेक्षा मोठा. प्राध्यापकांनी फळ्यावर दशांश, शतांश अशी घरं आखून स्थानिक किंमत समजावायला सुरुवात केली. शिक्षक नम्रपणे मान हलवत होते. त्यांना ते येतच होतं, रोज शिकवत होते. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "सर, पण हीच पोरं सव्वातीन आणि साडेतीन यांत कधी चुकत नाहीत. सव्वातीन किलो कांदे नि साडेतीन किलो कांदे, कुठले जास्त, ते पहिलीतलं पोरगंही सांगतं."

प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. "मग वहीत का चुकतात?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. ते स्वतः विचार करत होते. चर्चा तिथून रंगली. सव्वा-साडेचं मुलांचं ज्ञान आणि दशांश चिन्हाचं वहीतलं ज्ञान यांची गाठच पडलेली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. एका सरांनी पैशांचं उदाहरण सुचवलं, तर दुसऱ्या बाई म्हणाल्या, ते आता फार चालत नाही, ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे असं मुलं म्हणतात. खरंच आहे. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले, पैसे आजच्या मुलांच्या हातातच येत नाहीत. शेवटी किलो आणि मीटरवर सगळ्यांचं एकमत झालं.

आता यात प्राध्यापकांचं काम काय राहिलं, असं वाटेल. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी शिक्षकांपैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ते म्हणाले, ज्या मुलांनी ३.५ हे बरोबर उत्तर दिलंय त्यांना ३.५ आणि ३.७५ विचारून बघा. दुसऱ्या दिवशी विचारलं. बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी काहींनी पुन्हा ३.५ च मोठी म्हणून सांगितली. शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून चिन्हापुढे जास्त अंक असलेली संख्या लहान, असा त्यांनी स्वतःच नियम बांधला होता. पहिल्या प्रश्नाला तो नियम बरोबर उत्तर देतो आणि चूक झाकली जाते. यात वर्गातली हुशार गणली गेलेली मुलंही होती. त्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो, ते वह्या परत परत उलटून बघत होते.

पाहा बाई, सव्वा-साडेचं शहाणपण शाळेकडे होतं आणि दोन वेगवेगळ्या चुका वेगळ्या ओळखायची नजर कॉलेजकडे. दोन्ही एका टेबलावर आल्यावर सहावीच्या मुलांचा फायदा झाला. तुमच्या करारातून हे घडायला हवं.

तुमच्या कॅम्पसवर बी.एड. कॉलेज आणि सीनियर कॉलेज दोन्ही आहेत, हे तुमचं भाग्य समजा. बी.एड.च्या मंडळींना शिकवण्याचं शास्त्र येतं, पण पुष्कळदा विषयात खोल जायला वेळ झालेला नसतो. सीनियर कॉलेजच्या मंडळींचा विषय पक्का असतो, पण बारा वर्षांच्या मुलाशी बोलायची सवय नसते. दोघांना वेगवेगळे दिवस देऊ नका. एकाच बैठकीला दोघेही हवेत, असा आग्रह धरा. एकाच संस्थेचे असूनही कदाचित ते पहिल्यांदाच एकत्र बसतील!

आता वेळ. सगळे करार इथे येऊन अडतात, म्हणून यावर थोडं थांबते. शाळा सुटल्यावर बैठक ठेवू नका. ज्यांना दोन गाड्या बदलून घरी जायचंय, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्या शिक्षिका पहिल्या महिन्यानंतर येणार नाहीत, आणि तो त्यांचा दोष नसेल. वेळापत्रक करतानाच गणिताच्या सगळ्या शिक्षकांचा एक ऑफ तास आठवड्यातून एकदा एकाच वेळी येईल असं बघा. अवघड आहे, मला माहीत आहे. वेळापत्रक बनवणाऱ्या सरांना चहा पाजून बसवावं लागेल. पण पंधरवड्यातून एक जोडतास जरी निघाला तरी पुरे. गैरहजर शिक्षकाच्या बदली तासात या शिक्षकांना अडकवायचं नाही, हा नियम तुम्ही स्वतः पाळा. कॉलेजला सांगा, की तुमच्या दोन प्राध्यापकांचं वेळापत्रकही आमच्या या तासाशी जुळवा, आणि हे लेखी द्या. प्राध्यापकाच्या वेळापत्रकात शाळेचा तास छापून आला नाही, तर तो सत्राच्या मध्यावर गळतो.

नव्या राष्ट्रीय धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. या बैठका त्या तासांत धरता येतील का, हे आधीच तुमच्या डाएटला आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र देऊन विचारा. उत्तर येईपर्यंत शिक्षकांना काही कबूल करू नका. केंद्रप्रमुखांनाही पहिल्यापासून माहिती द्या. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीचा, म्हणजे शिक्षण परिषदेचा, दिवस आणि तुमच्या बैठका एकमेकींवर आदळायला नकोत. आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांना पुढे यात यायचं झालं तर दार केंद्रप्रमुखांकडूनच उघडेल. तुमच्या पाचवीत येणारी मुलं तिथूनच येतात, हे तर तुम्ही जाणताच.

छात्राध्यापकांबद्दल मला थोडं कडक बोलायचंय. सोळा आठवडे एक तरुण मुलगा किंवा मुलगी तुमच्या शाळेत असणार, आणि आपण त्यांना गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर पाठवतो, पोषण आहाराच्या नोंदी करायला बसवतो, सहलीच्या याद्या करायला लावतो. मग ते तक्ते लावून पाठ उरकून जातात, यात नवल काय? प्रत्येक छात्राध्यापकाला एका शिक्षकाशी जोडून द्या. पहिले दोन आठवडे पाठ नाही. त्यांनी फक्त मागे बसायचं आणि ठरवलेल्या चार-पाच मुलांकडे बघायचं. कोण कुठे थांबलं, कोणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, कोणी बरोबर उत्तर पुटपुटलं पण हात वर केला नाही. चाळीस-पन्नास मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाला हे दिसू शकत नाही, त्याच्याकडे तेवढे डोळे नाहीत. ही निरीक्षणं त्याच्या हातात आली तर तुमच्या शिक्षकाचाच सगळ्यांत चांगला व्यावसायिक विकास होईल, तोही कुठल्याही कार्यशाळेविना. मात्र बी.एड. कॉलेजने या कामाला गुण द्यायला हवेत. त्यांच्या लेखी ठरावीक पाठ, टाचणवही आणि साहित्य यांनाच गुण असतील, तर छात्राध्यापक बिचारे तेच करणार. प्राचार्यांशी हे बोला. आणि वर्षाच्या शेवटी तक्ते, साहित्य शाळेतच राहील, ही ओळही करारात घाला. लहानशी गोष्ट आहे, पण तुमच्या शिक्षकांना ती फार लागलेली दिसते.

सरांकडे येते. त्यांची समजूत काढायला जाऊ नका. त्यांना पटवण्यासाठी प्राध्यापकांना तर मुळीच पाठवू नका. त्यांना एक काम द्या. गेल्या अनेक वर्षांत मुलं गणितात नेमकं कुठे अडखळतात, याची त्यांच्याइतकी माहिती त्या कॅम्पसवर कोणाकडे नसणार. पहिल्या बैठकीत ते सांगतील आणि प्राध्यापक ऐकतील, लिहून घेतील, असं ठरवा. त्यांचा वर्ग बघायला कोणी जाणार नाही, ते स्वतः बोलावतील तेव्हाच, असा शब्द त्यांना द्या. आणि पहिला वर्ग तुमचा उघडा. मुख्याध्यापिका म्हणून तुमच्याकडे दोन-चार तास तरी असतीलच. मोठ्या बाईंच्या तासाला कॉलेजचे लोक मागे बसले, आणि तास झाल्यावर बाई स्वतः म्हणाल्या, "माझा हा भाग जमला नाही, काय करता येईल?", ही बातमी स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीपर्यंत पोचते. त्यानंतर वर्ग दाखवायची भीती निम्मी होते. मागे बसणाऱ्यांनीही शिक्षकाला गुण द्यायचे नाहीत. बोलणं मुलांबद्दल होईल. अमुक मुलीने असं का लिहिलं असेल? जपानी शाळांमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांना बघतात आणि नंतर बसून पाठ सुधारतात. ही पद्धत तिथे पिढ्यान्पिढ्या चालते, आणि तिच्यात बोट शिक्षकाकडे दाखवलं जात नाही. सरांसारख्या अभिमानी माणसाला हे मानवेल असं मला वाटतं. तरी नाही आले तर नाही. दोन तयार शिक्षिकांना घेऊन सुरू करा.

मसुद्यात आणखी काय बदलायचं ते पटकन सांगते. दोन्ही बाजूंनी एकेका माणसाचं नाव पदासह लिहा, 'समन्वय समिती' या शब्दावर भागवू नका. मुदत एक वर्ष नको, तीन वर्षं घाला, आणि प्राचार्य बदलले किंवा नॅकचं मूल्यांकन होऊन गेलं तरी काम चालू राहील हे स्पष्ट लिहून घ्या. पीएच.डी.चे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतील. त्यांना येऊ द्या, पण जे निष्कर्ष निघतील ते आधी तुमच्या शिक्षकांपुढे, सोप्या मराठीत, येऊन सांगायचे. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय कॉलेजच्या अहवालात किंवा संकेतस्थळावर जाणार नाहीत. प्राध्यापकांना मानधन देण्याची वेळ शाळेवर येऊ नये. उलट कॉलेजची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय तुमच्या शिक्षकांना ओळखपत्रासह खुलं असावं. प्रमाणपत्रं द्यायची तर देऊ देत. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीच्या प्रशिक्षणातून गेलेल्या तुमच्या शिक्षकांना कोणत्या कागदाला किती किंमत आहे ते चांगलं कळतं. शेवटी द्यायचा अभिप्राय फॉर्म मात्र मी काढून टाकेन. 'कार्यशाळा उपयुक्त वाटली का' याला सगळेच 'होय' लिहितात. त्याऐवजी जूनमध्ये आणि मार्चमध्ये त्याच वर्गाच्या, त्याच घटकाच्या वह्या शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी बघायच्या, असं लिहा.

हे सगळं ऐकून ते मागे हटले तर? शक्य आहे. मग कराराला घाई नाही. कॅम्पसवर एकटं जाऊन गणित किंवा विज्ञान विभागातला असा एक माणूस शोधा ज्याला मुलांमध्ये रस आहे. तालुक्याच्या कॉलेजात असे लोक असतात, त्यांना कोणी बोलावलेलं नसतं एवढंच. त्याला कागदपत्रांशिवाय एका दुपारी बोलवा. सहावीच्या पुढच्या घटक चाचणीत ३.५ आणि ३.२५, ३.५ आणि ३.७५ हे दोन्ही प्रश्न टाका, आणि त्या उत्तरपत्रिका गुण देऊन परत करण्याआधी सरांसोबत त्याच्यापुढे ठेवा. कुठल्या मुलाने काय लिहिलं, ते मलाही कळवा.

तुमची,
ताई